नॉर्थ यॉर्क मूर्स: हेदरचा माळ आणि त्याचा इतिहास पाहायला जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या ईशान्येला, यॉर्कच्या उत्तरेस आणि व्हिटबी बंदराच्या पाठीशी पसरलेलं पठार म्हणजे नॉर्थ यॉर्क मूर्स. मूर म्हणजे उंचावरचा उघडा माळ. १९५२ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १,४३६ चौरस किलोमीटर, त्यातला साधारण तिसरा हिस्सा हेदरच्या झुडपांनी झाकलेला. भारतातून सहलीला येणारे आणि लीड्स, मिडल्सब्रो, लंडनकडे राहणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. फुलांबद्दल थोडं आहे, इतिहासाबद्दल जास्त. बहर दोन-तीन आठवड्यांचा असतो, दगड वर्षभर जागेवर असतात.

बहर नेमका कधी असतो?

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरा. माळ जांभळा करणारी मुख्य जात म्हणजे लिंग हेदर. ती ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलते. बेल हेदरची फुलं मोठी आणि गडद, ती जुलैतच येतात, पण कोरड्या उतारांवर आणि रस्त्याच्या कडेला तुकड्यातुकड्यांनी. ओलसर जागी क्रॉस-लीव्ह्ड हीथ दिसते, फिकट गुलाबी. जुलैच्या शेवटी गेलात तर ठिपके दिसतील, गालिचा दिसणार नाही.

कास पठारासारखंच असतं का?

हंगाम बराचसा जुळतो, बाकी फारसं नाही. कासला कातळावरच्या पातळ मातीत पावसाळ्यापुरती, अनेक जातींची छोटी रोपं येतात आणि जातात. इथे एकच बारमाही काटकुळं झुडूप मैलोन् मैल पसरलेलं असतं आणि हिवाळ्यातही जागेवरच असतं, फक्त काळपट तपकिरी. इथे प्रवेश तिकीट नाही, ऑनलाइन नोंदणी नाही, रोजची मर्यादा नाही. पैसे लागतात ते पार्किंगचे.

ऑगस्टच्या शेवटी जाऊनही माळ तपकिरी दिसला. असं का?

तीन कारणं असू शकतात. उन्हाळा फार कोरडा गेला तर कळ्या न उमलताच वाळतात. हेदर बीटल नावाच्या किड्याच्या अळ्या पानं कुरतडतात, मग ऐन बहरात मोठमोठे पट्टे गंजलेल्या रंगाचे होतात. आणि झुडूप म्हातारं झालं की फुलं कमी येतात. त्यामुळे एका थांब्यावर निराशा झाली तर परत फिरू नका. पाच-सात किलोमीटर पुढच्या कड्यावर चित्र वेगळं असू शकतं.

गाडी नसेल तर पोहोचता येतं का?

येतं, पण वेळापत्रक हातात ठेवून. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून यॉर्क साधारण दोन तास. पुढे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, लीड्स–यॉर्क–मॉल्टन–पिकरिंग–व्हिटबी धावणारी ८४० क्रमांकाची कोस्टलायनर बस. ती पिकरिंगनंतर थेट मूरवर चढते, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा. दुसरा, मिडल्सब्रो ते व्हिटबी एस्क व्हॅली रेल्वे. कॅसलटन मूर आणि डॅन्बी या स्थानकांवर उतरून चालत मूरवर जाता येतं. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या असतात. परतीची शेवटची गाडी चुकली तर दरीतल्या गावात टॅक्सी मिळेलच असं नाही, म्हणून आधी परतीची वेळ ठरवा आणि मग चालण्याचा मार्ग. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी मूर्सबसही धावते. तिचे मार्ग दरवर्षी बदलू शकतात.

भाड्याच्या गाडीने गेलो तर काय सांभाळायचं?

गाडी डावीकडूनच चालवायची आहे, आणि भारतीय परवाना भेटीवर आलेल्याला १२ महिन्यांपर्यंत चालतो. भाड्याने देणाऱ्या कंपनीची स्वतःची अट मात्र वेगळी असू शकते. अडचण येते ती चढांची आणि मेंढ्यांची. रोझडेल ॲबी गावातून वर जाणारा चिमनी बँक हा रस्ता ३३ टक्के चढाचा आहे, म्हणजे तीन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. उतरताना पहिला किंवा दुसरा गिअर ठेवा. ब्रेक दाबून धरत उतरलात तर तळाशी पोहोचेपर्यंत ते तापून नरम पडलेले असतात. नव्याने गाडी शिकलेल्यांनी ब्लेकी रिजचा रस्ता घ्यावा, तो हटन-ल-होलकडून हळूहळू चढतो.

मूरवरच्या रस्त्यांना कुंपण नसतं. मेंढ्या रस्त्याच्या कडेला, कधी मधोमध बसतात. कोकरू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला दिसली की थांबाच, कोकरू धावणारच.

वाट सोडून कुठेही चालायची परवानगी आहे का?

बहुतेक मोकळ्या मूरवर आहे. २००० च्या कायद्याने अशा जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क दिला, इथे तो २००५ पर्यंत प्रत्यक्षात आला. ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची नकाशे काढणारी सरकारी संस्था) हिच्या एक्स्प्लोरर नकाशावर ही जमीन फिकट पिवळ्या रंगाने दाखवलेली असते. पश्चिम भागासाठी ओएल २६ आणि पूर्व भागासाठी ओएल २७ हे नकाशे, प्रमाण १:२५,०००. हा हक्क फक्त पायी चालण्याचा. सायकल, तंबू, शेगडी, बार्बेक्यू यात बसत नाहीत. सायकल ब्रिडलवेवरूनच, म्हणजे घोडे आणि सायकलींना मुभा असलेल्या वाटेवरूनच न्यायची. कुत्रा बरोबर असेल तर १ मार्च ते ३१ जुलै त्याला दोन मीटरच्या आत पट्ट्याला ठेवणं बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. काही ग्राउस मूरवर, म्हणजे ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या माळावर, कुत्र्यांना बंदीच असते, फाटकावर पाटी पाहा.

हक्क असला तरी वाट सोडण्यात फार मजा नाही. जुनं हेदर गुडघ्याएवढं वाढतं आणि खालचे खड्डे-दगड झाकून टाकतं. वाटेवर ताशी चार किलोमीटर चालणारा माणूस त्यात दोनही पुरे करत नाही, आणि घोटे मुरगळतात ते इथेच.

ऑगस्टमध्ये बंदुकीचे आवाज येतात. धोका आहे का?

रेड ग्राउस या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो, म्हणजे बहर आणि शिकार एकाच वेळी. रविवारी कायद्यानेच शिकारीला बंदी आहे, म्हणून शांतपणे फिरायचं तर रविवार बरा. इतर दिवशी ओळीने उभी माणसं आणि हातात झेंडे घेतलेले हाकारे दिसले तर जागीच थांबा, हात हलवा, आणि त्यांच्यापैकी कुणी खूण करेपर्यंत पुढे जाऊ नका. सार्वजनिक पायवाटेवर चालण्याचा तुमचा हक्क कायम असतो, ते थांबून वाट देतात. वाटेलगत ओळीने दिसणारे कमरेएवढे दगडी आडोसे, ज्यांच्यावर आकडे असतात, ते शिकाऱ्यांच्या उभं राहण्याच्या जागा. वारा सुटला की डबा खायला हेच आडोसे उत्तम, अर्थात शिकार नसताना.

माळावर जळलेले काळे पट्टे दिसतात. वणवा लागला होता का?

नाही, ते मुद्दाम जाळलेले असतात. ग्राउसला खायला हेदरचे कोवळे शेंडे लागतात आणि लपायला जुनं, उंच हेदर. दोन्ही शेजारी शेजारी मिळावं म्हणून दरवर्षी थोडे थोडे पट्टे जाळतात आणि तोच पट्टा पुन्हा बऱ्याच वर्षांनी घेतात. डोंगराळ भागात जाळण्याचा काळ १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. जमीन ओली असताना वरचं झुडूप जळतं, मुळं आणि खालचं पीट वाचतं, आणि बुंध्यातून नवे कोंब फुटतात. हवेतून पाहिलं तर सगळा माळ ठिगळांची गोधडी दिसतो.

यावर वाद आहे आणि तो खरा आहे. पीट म्हणजे हजारो वर्षांत साठलेला कुजका वनस्पतिगाळ, त्यात कार्बन आणि पाणी दोन्ही धरलेलं असतं. जाळल्याने तो सुकतो, असं एका बाजूचं म्हणणं. न जाळल्यास जुनं लाकडी हेदर साठून मोठ्या वणव्याला सरपण होतं, असं दुसऱ्या बाजूचं. संरक्षित जागी खोल पीटवर जाळण्यावर २०२१ पासून निर्बंध आहेत. आमच्या मते प्रश्न 'जाळावं की नाही' एवढाच नाही, 'कुठे आणि किती खोल पीटवर' हाही आहे.

म्हणजे हा माळ नैसर्गिक नाही?

नाही, आणि मूर्सचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी. हिमयुगानंतर ही पठारं बर्च, ओक, हेझलच्या जंगलाने झाकलेली होती. मध्याश्मयुगीन शिकाऱ्यांनी हरणं मोकळ्यावर यावीत म्हणून आगीने जंगलात फटी पाडल्या. मोठी तोड झाली कांस्ययुगात, जेव्हा लोकांनी वरच्या सपाटीवर शेती करून पाहिली. वालुकाश्मावरची माती हलकी, पाऊस भरपूर. झाडं गेल्यावर पावसाने मातीतली सत्त्वं खाली वाहून नेली, जमीन आम्लधर्मी झाली आणि काही ठिकाणी खाली लोहाचा कडक थर बसला. पाणी मुरेना, पीट साठू लागलं. अशा जमिनीवर जे तग धरतं ते हेदर. पीटमधल्या परागकणांचे थर तपासून हा सगळा क्रम लावता आला आहे.

त्यानंतर जंगल परत आलं नाही ते मेंढ्यांमुळे. ११३२ मध्ये रीव्हो इथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. मूरच्या कुरणांवर मेंढ्या पाळून लोकर विकणं हा त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाला, त्याचे अवशेष हेल्म्सलीजवळ आहेत. चराईचे हक्क पुढे गावकऱ्यांकडे आणि जहागिरीकडे राहिले. किती मेंढ्या सोडायच्या, जळणासाठी पीट कुणी कुठून कापायचं, हे ठरवणारी 'कोर्ट लीट' ही जुनी जहागिरी पंचायत डॅन्बी आणि स्पॉन्टन इथे आजही भरते. कुंपण नसतानाही मेंढ्या आपापल्या भागातच चरतात, कारण कोकराला हद्द आईकडून कळते. म्हणून कळप विकला गेला की त्या हद्दीची ओळखही जाते, आणि नव्या मेंढ्यांना तिथे रुळवणं जिकिरीचं होतं.

वाटेत जागोजागी उभे दगड आणि क्रॉस आहेत. कुठला कशाचा?

ढोबळ मानाने चार प्रकार ओळखता आले तर अर्धं काम झालं.

पहिला, दफनटेकाडं. क्षितिजरेषेवर गोल उंचवटा दिसला आणि नकाशात नावाच्या शेवटी 'हाउ' असलं, तर ते बहुधा कांस्ययुगातलं थडगं. रोझडेल हेडजवळच्या लूज हाउमध्ये १९३७ च्या उत्खननात ओकच्या खोडाची शवपेटी आणि खोडातून कोरलेली होडी सापडली. बऱ्याच टेकाडांच्या माथ्यावर खळगा दिसतो. १९व्या शतकातल्या हौशी मंडळींनी, त्यात पाद्री बरेच, मधोमध खणून पाहिल्याची ती खूण.

दुसरा, क्रॉस. यंग राल्फ क्रॉस राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह आहे, वेस्टरडेल-रोझडेलच्या माथ्यावर रस्त्यालगतच उभा. त्याच्या डोक्यावरच्या खळग्यात गरजू वाटसरूसाठी नाणी ठेवायची प्रथा होती. १९६१ मध्ये नाणी पाहायला कुणी वर चढला आणि क्रॉस मोडला. आज दिसतो तो सांधलेला आहे, चढू नका. जवळच बुटका, पांढरा रंगवलेला दगड म्हणजे फॅट बेटी. तिच्यापाशी लोक खाऊ ठेवतात आणि आधीच्याने ठेवलेला उचलतात. ठेवायचंच तर प्लास्टिकच्या वेष्टनात ठेवू नका, मेंढ्या खातात.

फायलिंगडेल्स मूरवरचा लिला क्रॉस सगळ्यांत जुना मानला जातो. ६२६ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन याच्यावर मारेकऱ्याने विषारी खंजीर उगारला तेव्हा लिला नावाचा सरदार मध्ये आला आणि मेला. हल्ल्याची हकीगत बीड या मठवासी इतिहासकाराने नोंदली आहे. लिलाला इथेच पुरलं, ही पुढची लोकपरंपरा. क्रॉस ज्या टेकाडावर आहे ते मात्र कांस्ययुगातलं, एडविनच्याही दोन हजारांवर वर्षं आधीचं.

तिसरा, हद्दीचे दगड. यांवर जमीनमालकाची आद्याक्षरं असतात, दोन बाजूंना दोन मालकांची. कोणत्या बाजूला कोणती अक्षरं ते पाहिलं की हद्द कुठून जाते ते कळतं.

चौथा, वाटाड्या दगड. १७११ मध्ये नॉर्थॲलर्टनच्या न्यायाधीशांनी चौवाटांवर दिशादर्शक उभारायचा हुकूम काढला. उर्रा मूरवरच्या हँड स्टोनवर हात कोरलेला आहे आणि स्टोक्सली गावाचं नाव त्या काळच्या उच्चाराप्रमाणे 'स्टॉक्सला' असं आहे. लेखन झिजलंय, भर दुपारी वाचता येत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात जा. ढगाळ दिवशी बॅटरी दगडाला समांतर धरली तरी अक्षरं उठून येतात.

याशिवाय पायाखाली पाहा. एका फरशीच्या रुंदीच्या, मधोमध झिजून पन्हाळीसारख्या झालेल्या दगडी वाटांना इथे 'ट्रॉड' म्हणतात. आपल्याकडच्या लमाणांच्या बैलतांड्यांसारखे तट्टूंचे तांडे मासे, मीठ आणि लोकर लादून या वाटांनी जात.

रोझडेलमधल्या त्या मोठ्या कमानी कशाच्या?

लोहखनिज भाजायच्या भट्ट्यांच्या. आज मेंढ्या आणि चहाची दुकानं असलेल्या या दरीत १८५० च्या दशकाच्या मध्यापासून खाणी निघाल्या आणि दोनेक दशकांत वस्ती काही शेकड्यांवरून अडीच हजारांच्या पुढे गेली. खनिज टीज नदीकाठच्या झोतभट्ट्यांकडे पाठवायचं होतं. वाहतुकीचे पैसे वजनावर. म्हणून इथेच कोळशाबरोबर भाजून त्यातलं पाणी आणि वायू उडवायचे आणि हलकं झालेलं खनिज पाठवायचं, असा हिशेब.

१८६१ मध्ये रेल्वे मूरवर आली. इंगलबी इनक्लाइन या उतारावर खाली जाणारे भरलेले डबे दोरखंडाने रिकामे डबे वर ओढत. वर आल्यावर रेल्वे जवळजवळ एकाच उंचीवरून दऱ्यांच्या माथ्यांना वळसे घेत जाई. १९२९ मध्ये ती बंद झाली आणि रूळ उचलले गेले. बांध तसाच राहिला, त्यामुळे मूरवरची सर्वांत सपाट वाट हीच. चिमनी बँकच्या माथ्यावर गाडी लावली तर बँक टॉपच्या भट्ट्या काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. रस्त्याला जिचं नाव मिळालं ती चिमणी १९७२ मध्ये पाडली. दरीच्या पूर्व बाजूच्या भट्ट्यांसह पूर्ण फेरी वीसेक किलोमीटरची, म्हणजे अख्खा दिवस. बांधावर ओहोळांनी भराव कापलेल्या एक-दोन जागा आहेत, तिथे खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. कमानींच्या आत शिरू नका. डागडुजी झालेली असली तरी वरून दगड सुटतात.

व्हीलडेलचा रोमन रस्ता खरंच रोमन आहे का?

खात्रीने नाही. गोथलंडजवळ सुमारे दीड किलोमीटर दगडी पट्टा उघडा आहे आणि पिढ्यान् पिढ्या तो रोमन म्हणून दाखवला गेला. आता तो मध्ययुगीन रस्ता असावा इथपासून ती प्रागैतिहासिक हद्दीची भिंत असावी इथपर्यंत मतं आहेत. लोककथेत वेड नावाच्या राक्षसाने तो बायकोला गाईची धार काढायला जाता यावं म्हणून बांधला. हाच वेड बायकोवर चिडला तेव्हा त्याने मूठभर माती उचलून फेकली, आणि उचलल्या जागी होल ऑफ हॉर्कम हा खळगा झाला. प्रत्यक्षात सुमारे १२० मीटर खोलीची ही दरी झऱ्यांनी उतार आतून पोखरत नेल्याने झाली आहे. बिनचूक रोमन काही पाहायचं असेल तर पिकरिंगच्या उत्तरेला कॉथॉर्नच्या छावण्यांचे मातीचे तट आहेत.

मूरवर मधूनच तो काँक्रीटचा पिरॅमिड कसला?

आरएएफ फायलिंगडेल्स, ब्रिटिश हवाई दलाचं क्षेपणास्त्रांचा आगाऊ इशारा देणारं रडार केंद्र. १९६० च्या दशकात इथे तीन प्रचंड पांढरे गोल होते, १९९२ मध्ये त्यांच्या जागी हा आला. जवळून सार्वजनिक वाट जाते, कुंपणाच्या आत अर्थातच नाही.

याच परिसरात २००३ च्या सप्टेंबरमध्ये वणव्याने सुमारे अडीच चौरस किलोमीटर हेदर आणि पीट जळालं, आणि खाली दडलेले बांध, दगडांच्या राशी, कोरीव दगड उघडे पडले. भौमितिक रेषा कोरलेला एक दगड नोंद करून पुन्हा मातीखाली ठेवला गेला, कारण उघड्यावर तो झिजला असता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लँगडेल मूरवर त्याहून कितीतरी मोठा वणवा लागला, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सरावाचे जमिनीतले जुने गोळे आगीत फुटले. म्हणून मूरवर गंजलेली धातूची नळकांडी दिसली तर हात लावू नका. जागा लक्षात ठेवा, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. आणि सिगारेट, शेगडी, डिस्पोजेबल बार्बेक्यू यातलं काहीही पेटवू नका.

जाण्याआधी घरबसल्या एखाद्या भागाचा इतिहास कसा शोधावा?

पुण्यात बसूनही बरंच होतं, आणि फुकट. सगळा मूर घेऊ नका, एक दरी निवडा.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ओएस नकाशे आहेत. तिथे १९व्या शतकाच्या मध्याचा 'सहा इंची' (मैलाला सहा इंच) नकाशा आणि १८९० च्या दशकातला नकाशा शेजारी शेजारी उघडा. रोझडेल घेतलंत तर पहिल्यात रेल्वेच नाही, दुसऱ्यात ती दरीला वळसा घालून गेलेली दिसते. जे आलं आणि जे गेलं त्याची यादी करा: घरं, विहिरी, चुनाभट्ट्या, खाणींची तोंडं. मग हिस्टॉरिक इंग्लंडच्या संरक्षित वारशाच्या यादीत त्याच जागा शोधा. प्रत्येक टेकाडाचं वर्णन आणि त्याचं संदर्भस्थान मिळतं. तिसरी पायरी लायडारची. विमानातून लेझरने मोजलेल्या या उंचीनकाशात हेदर 'काढून टाकलेलं' असतं, त्यामुळे जुन्या वाटांचे खोल चर आणि शेतांचे बांध स्पष्ट उमटतात. इथे एक चूक बरेचजण करतात. लायडारवर दिसणारी प्रत्येक सरळ रेघ प्राचीन समजतात. शिकारीच्या गाड्यांचे रस्ते, पाणी काढायला खणलेले चर आणि पीट कापल्याच्या कडा, सगळंच तसंच दिसतं. जुन्या नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

कागदपत्रांसाठी नॉर्थॲलर्टनचं काउंटी रेकॉर्ड ऑफिस आहे, आधी वेळ घ्यावी लागते. वस्तू पाहायच्या तर हटन-ल-होलचं रायडेल फोक म्युझियम. मूरवरची जुनी घरं उचलून तिथे पुन्हा उभी केली आहेत आणि पीट कापायची लांब दांड्याची फावडी हातभरावरून बघता येतात. एकच संग्रहालय पाहायचं असेल तर हे पाहा.

मेटल डिटेक्टर न्यावा का? एखादा दगड, हेदरचं रोप आणावं का?

नाही. संरक्षित स्मारकावर परवानगीविना मेटल डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानटी रोप उपटणं १९८१ च्या. वाटेवरचे सुटे दगड रचून नवी रास करण्याचा मोहही आवरा. त्यासाठी दगड बहुधा खऱ्या टेकाडातूनच उचलले जातात.

बरोबर काय न्यावं?

सह्याद्रीतला पावसाळी ट्रेक केला असेल तर सामान तेच, फक्त ऊब वाढवा. घोटा झाकणारे बूट, वाराप्रतिबंधक जाकीट, एक फ्लीस, टोपी, ऑगस्टमध्येसुद्धा. ब्लेकी रिज सुमारे ४०० मीटरवर आहे आणि वाऱ्याला अडवणारं झाडही नाही, त्यामुळे खाली गावात १८ अंश असले तरी वर हात गारठतात. माणशी दीड लिटर पाणी. ओहोळांचं पाणी चहासारखं तपकिरी असतं. तो रंग पीटचा, निरुपद्रवी, पण वर मेंढ्या चरत असतात, तेव्हा न उकळता पिऊ नका. मोबाइलला दऱ्यांत रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा आणि कागदी प्रतही घ्या. पार्किंगसाठी थोडी नाणी खिशात असू द्या, ॲपला रेंज लागते.

धुकं आलं आणि वाट हरवली तर?

समुद्राकडून येणारं धुकं मूरचा पूर्व भाग अर्ध्या तासात गिळतं. आल्याबरोबर थांबा, शेवटची नक्की माहीत असलेली जागा नकाशावर शोधा आणि होकायंत्राने तिथे परत जा. अंदाजाने दरीत उतरू नका. नाळीत ब्रॅकन (उंच वाढणारा नेचा), चिखल आणि कडे असतात. चमकदार हिरवं शेवाळ आणि कापसासारखे तुरे असलेलं गवत म्हणजे दलदल, त्याला वळसा घाला. मदत हवी तर ९९९ लावा, 'पोलीस' म्हणा आणि मग 'माउंटन रेस्क्यू'. आवाज जात नसेल तर ९९९ ला मजकूर पाठवता येतो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते. घरी असतानाच 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजी लिपीत त्याच क्रमांकाला पाठवा आणि आलेल्या उत्तरातल्या सूचना पाळा. उजेडाचं गणितही पाहून ठेवा. ऑगस्टच्या मध्याला सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पावणेचारच्या आधीच.

साप, किडे?

ब्रिटनमधला एकमेव विषारी साप ॲडर इथे आहे. आपल्या घोणस-फुरशांच्याच कुळातला, पण दंश सहसा जीवघेणा नसतो. दंश झाल्यास अवयव स्थिर ठेवा, ९९९ ला फोन करा. आवळपट्टी नको, चिरा नको. साप दिसण्याची शक्यता उन्हाळी सकाळी, तापलेल्या दगडांवर. बहुतेकांना दिसतच नाही.

खरी काळजी गोचिडीची. ब्रॅकन आणि उंच हेदरमधून ती पायावर चढते आणि तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, मुलांच्या केसांत तपासा. सापडल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तूप, रॉकेल, काडीचा चटका, कांदा यातलं काही नको. पुढच्या तीन महिन्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा. भारतात परतल्यावर तर आवर्जून सांगा, तिथल्या डॉक्टरांना ती शंका आपणहून येणार नाही.

आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर?

ए१६९ रस्त्यावरच्या साल्टरगेट पार्किंगला थांबा. रस्ता ओलांडला की होल ऑफ हॉर्कमची कड, दोन मिनिटांत. ज्यांना चालायचं आहे त्यांनी लेव्हिशम मूरवरून साधारण ११ किलोमीटरची फेरी करावी, बाकीच्यांनी पिकरिंगहून ग्रॉसमाँटला जाणाऱ्या वाफेच्या गाडीत बसावं. जॉर्ज स्टीफन्सनने आखलेला हा मार्ग १८३६ मध्ये सुरू झाला, सुरुवातीला डबे घोडे ओढत. १९६५ मध्ये बंद पडला आणि हौशी लोकांनी १९७३ मध्ये पुन्हा सुरू केला. अंतर १८ मैल. ऑगस्टमध्ये आसनं आधी आरक्षित करा. अतिकोरड्या हवेत ठिणग्यांच्या भीतीने वाफेऐवजी डिझेल इंजिन लावतात, तेव्हा मुलांना आधी कल्पना दिलेली बरी.

शाकाहारी जेवण मिळतं का?

गावातल्या पबमध्ये एखाद-दोन पदार्थ मिळतात, पण स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळीच उघडतं. चहाची दुकानं चार-पाचला आवरतात. रविवारी रोस्टसाठी आधीच टेबलं भरलेली असतात. थेपले, दशम्या बरोबर असू द्या.

हेदरचा मध घ्यावा का, आणि खरा कसा ओळखावा?

घ्यावा. ऑगस्टमध्ये मधपाळ पेट्या गाडीत घालून मूरच्या कडेला आणून ठेवतात. वाटेलगत त्या दिसल्या तर समोरून जाऊ नका, मागून जा. हा मध जेलीसारखा घट्ट असतो, इतका की पोळं नुसतं गरगर फिरवून तो निघत नाही, दाबून काढावा लागतो. बरणी तिरपी केली तर हलत नाही, चमच्याने ढवळला की पातळ होतो आणि ठेवला की पुन्हा घट्ट. आत बारीक हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. रंग लालसर, चव किंचित कडवट. तिरपी करताच वाहणारा, स्वस्त मिळणारा मध बहुधा दुसऱ्या मधात मिसळलेला असतो. लेबलवर नुसतं 'हेदर' आहे की 'हेदर मिश्रित', ते वाचा. विमानात हातातल्या सामानात ठेवू नका, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या.